त्रेसष्ट नंबरची डबी

ताईचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "तू नक्की करतेस काय?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "प्रयोगशाळेत आहे," आणि विषय बदलायची. समोरचा चिवट निघाला तर सरळ सांगून टाकायची, की मी गरोदर बायकांची शी तपासते. मग विषय बदलायची घाई त्यालाच व्हायची, आणि जेवण चालू असेल तर जरा जास्तच.

पण काम बारीक होतं आणि तिचा हात त्यात बसलेला होता. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. एकीत कपाटाएवढा फ्रीजर, उणे ऐंशी अंशांचा. दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर यायची. दुसरीत टेबलं, यंत्रं आणि कोपऱ्यात आकडेवाला. आकडेवाला म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणारा एक तरुण. यंत्रांतून जे बाहेर पडे त्याचे तो तक्ते करायचा. त्याला रीतसर नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीत होतं.

सगळ्यांच्या वर मोठ्या मॅडम. अभ्यास त्यांचा. गरोदरपणात काही बायकांचं बीपी चढत जातं, अंगावर सूज येते, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर झटके येतात. मग आई आणि मूल, दोघांचाही भरवसा राहत नाही. हे सगळं सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्या बाईच्या आतड्यातले जिवाणू बदलतात का, एवढं मॅडमना बघायचं होतं. दोनशे बायका घेतल्या होत्या. प्रत्येकीची डबी दोनदा: एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा सहावा संपताना. डबीवर नाव नसे, फक्त नंबर.

"आपण शोधतोय. सांगत नाही," मॅडम दर सोमवारी बजावायच्या. "हे निदान नाही. यातलं काय खरं ठरेल ते अजून मलाही माहीत नाही. तोवर कुठल्याही बाईला चांगलं कळवायचं नाही आणि वाईटही कळवायचं नाही." या अर्थाच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या. पहिली सही ताईची होती.

आणि त्रेसष्ट नंबर ही ताईची सख्खी धाकटी बहीण होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतर धाकटीचं आडनाव बदललेलं, त्यामुळे कागदावरून कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. नात्यातली बाई अभ्यासात असली तर कळवायचं असा नियम होता, तो ताईनं धाब्यावर बसवला. एरवी ती नियमाला पक्की. हातमोजे न घालता कुणी डबीला बोट लावलं तर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पण धाकटीची गोष्ट आली की तिचं डोकं चालेनासं व्हायचं, आणि त्याला कारण होतं.

धाकटीच्या वेळी त्यांची आई गेली. ताई तेव्हा दहा वर्षांची. शेवटच्या महिन्यात आईचे पाय इतके सुजले की तिच्या स्वतःच्या चपला चढेनात, म्हणून ती वडिलांच्या घालायची. घरभर त्या मोठ्या चपलांचा फटक फटक आवाज. पोरीला गंमत वाटायची. ताई मागे मागे तशीच चालून दाखवायची आणि आई हसायची. मग एका दुपारी स्वयंपाकघरात तो आवाज थांबला आणि भांडं पडल्याचा आवाज आला. इस्पितळात धाकटी जन्मली, ठणठणीत. सगळे म्हणाले सुटली बाई. दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा झटके आले आणि ती गेली. काय झालं होतं याला घरात कुणाकडे शब्दसुद्धा नव्हता. तो शब्द ताईला बारा वर्षांनी पुस्तकात सापडला.

म्हणून धाकटीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात ताई तिच्याकडे थडकली, एका पिशवीत नमुन्याची डबी आणि दुसरीत बीपीचं मशीन घेऊन.

"रोज दोनदा मोजायचं. सकाळी आणि संध्याकाळी. पाच मिनिटं शांत बसून. या वहीत लिहायचं."

"आणि ती डबी कशाला?"

ताईनं सांगितलं कशाला. धाकटीनं उशीत तोंड खुपसलं. "ताई, शी."

"हो, शीच," ताई म्हणाली.

धाकटीचा नवरा दारात उभा राहून हसत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या बोळकांडीत दोरांना लटकून काम करणारा माणूस, पण बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की याचे हातपाय गळायचे. ताई त्याला जावईबापू म्हणून चिडवायची. तो तिला वचकून असायचा, आणि तिचं म्हणणं त्याला ब्रह्मवाक्य असायचं.

पहिल्या डबीचा तक्ता आला तेव्हा ताईनं करू नये ते केलं. आकडेवाला जेवायला गेल्यावर तिनं त्याच्या कॉम्प्युटरवर त्रेसष्ट नंबर उघडला. चित्र बरं नव्हतं. आतड्याचं अस्तर राखणारे, चोथा पचवणारे जे जिवाणू बाकीच्या बायकांत भरपूर दिसत, ते इथे नावाला होते. ज्या बायकांचं पुढे बीपी चढलं त्यांचेही तक्ते साधारण असेच निघत होते. साधारण, सगळ्यांचे नाही. हे ताईला माहीत होतं, पण भीतीला कुठे टक्केवारी कळते.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त धाकटीच्या मागे हात धुऊन लागली. भाज्या खा, सालासकट फळं खा, मोड आलेली धान्यं खा, दही खा. आठवड्यातून दोनदा स्वतः पिशव्या भरून न्यायची. "मी काय शेळी आहे का?" धाकटी वैतागून म्हणायची. नवरा गुपचूप तिच्या ताटातलं अर्धं संपवायचा. हे ताईला नंतर कळलं. नंतर बरंच काही कळलं.

सहाव्याच्या शेवटी दुसरी डबी आली. घरोघर जाऊन डब्या गोळा करणाऱ्या सिस्टरनी ती आणून दिली आणि ताईनं स्वतः ती फ्रीजरमध्ये ठेवली. ठेवताना तिचा हात डबीवर जरा जास्त वेळ राहिला. दोन आठवड्यांनी तक्ता आला. आकडेवाला पुन्हा जेवायला गेला आणि ताई पुन्हा त्याच्या खुर्चीत बसली.

त्रेसष्ट नंबरची डबी सुंदर होती. दुसरा शब्द नाही. जे जिवाणू नावाला होते ते आता भरभरून होते. असा देखणा तक्ता दोनशे बायकांत पाच-सहा जणींचाही नसेल. ताईनं नंबर तीनदा तपासला. मग ती उठून जिन्यात गेली आणि भिंतीला टेकून रडली. तीन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं तिला वाटलं. भाज्यांच्या पिशव्या कारणी लागल्या, असंही वाटलं, आणि त्याचा तिला अभिमान वाटला.

खरं तर याच ठिकाणी तिला कुणीतरी हलवून विचारायला हवं होतं, की बाई, तू वीस वर्षं हेच काम करतेस, तीन महिन्यांत माणसाचं आतडं इतकं पालटतं का? दुसऱ्या कुणाचा तक्ता असता तर तिनंच भुवया उंचावल्या असत्या. पण हवी ती बातमी आली की शहाणी माणसंही उलटतपासणी करत नाहीत.

रविवारी ती धाकटीकडे गेली. दार उघडायला धाकटीच आली, आणि ती येण्याआधी तिच्या पावलांचा आवाज आला. फटक फटक. तिनं नवऱ्याच्या चपला घातल्या होत्या.

ताई उंबऱ्यातच थांबली. तिनं खाली बघितलं. पाय जरा भरल्यासारखे होते.

"हे काय पायांत?"

"माझ्या टोचतात गं. उन्हाचं सगळ्यांचे पाय सुजतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे तर काही नसतानाच सुजलेत." धाकटी हसली. तिचा चेहराही गोल झाला होता. पण सातवा महिना, चेहरा गोल व्हायचाच. ताईच्या मनात तो सुंदर तक्ता होता. तक्त्यानं चपलांचा आवाज दाबून टाकला.

"बस," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय. कुणाला बोलायचं नाही. माझी नोकरी जाईल."

आणि तिनं सांगितलं. पहिल्या डबीचं सांगितलं, तीन महिन्यांच्या भीतीचं सांगितलं, दुसऱ्या डबीचं सांगितलं. "एकदम चांगलं आलंय. आईसारखं तुझं होणार नाही," असंही म्हणाली. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते तिच्या मनातून आलं होतं, आणि मनातून आलेलं म्हणून ते तिनं फार ठामपणे म्हटलं.

धाकटी नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा तिच्याकडे बघायला लागला. दोघं काहीतरी बोलतील असं क्षणभर वाटलं. मग तो म्हणाला, "म्हणजे हिरवा दिवा."

"काय?"

"आमच्याकडे लिफ्टच्या पाटीवर हिरवा दिवा लागला की माणसं सोडायची आत." तो हसला, पण कान लाल झाले होते. ताईला वाटलं, बिचारा आनंदानं लाल झाला.

"हो. हिरवा दिवा," ती म्हणाली.

निघताना धाकटीनं विचारलं, "मग आता ते मशीन? रोज दोनदा मोजायचं म्हटलं की माझी छातीच धडधडते गं. आकडा जरा वर दिसला की रात्रभर झोप नाही."

ताईला तिची दया आली. आईविना वाढवलेली पोर, रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून आईच्या मरणाची वाट बघत बसल्यासारखी बसते. "आण इकडे," ती म्हणाली. "पुरे आता मोजणं." तिनं मशीन पर्समध्ये टाकलं. वही टेबलावरच होती. ती उघडून बघावी असं तिला वाटलं नाही. सोमवारी मशीन तिनं कामाच्या टेबलाच्या खणात ठेवलं.

पुढचे तीन आठवडे धाकटीच्या घरात खुशीचे गेले. बाळासाठी पाळणा आला, नवऱ्यानं तो स्वतः जोडला आणि दोन स्क्रू उरले म्हणून पुन्हा उघडला. इस्पितळातल्या तपासणीची तारीख होती, ती धाकटीनं चुकवली. फोनवर ताईला म्हणाली, "तीन तास रांगेत बसायचं, आणि ते काय बघणार? तू आतून बघितलंयस." ताईनं रागवायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं, पुढच्या आठवड्यात नक्की जा." दुसऱ्या एका फोनवर धाकटी म्हणाली, डोकं धरल्यासारखं होतंय. ताई म्हणाली, पाणी पी आणि झोप.

बुधवारी, जेवणानंतर, आकडेवाला आपल्या कोपऱ्यात एकटाच हसायला लागला.

"ताई, इकडे या. तुमच्या बायकांत एक बाप्या निघालाय."

ताई नमुन्यांच्या नळ्या मांडत होती. "काहीतरीच बोलू नकोस."

"खरंच. हे बघा, डबीत जिवाणूंबरोबर त्या माणसाच्या आतड्याच्या पेशी थोड्याफार येतातच. त्यांचे आकडे मी एरवी गाळून फेकतो. मॅडम म्हणाल्या, फेकायच्या आधी एकदा बघ, डब्यांची अदलाबदल वगैरे झाली नाही ना. तर एकशे नव्याण्णव बायका सरळ निघाल्या. आणि ही एक. पहिली डबी बाईची. दुसरी डबी चक्क पुरुषाची. वाय क्रोमोसोम ठसठशीत दिसतोय."

"पोटात मुलगा असेल," ताई न बघता म्हणाली.

"पोटातला मुलगा आईच्या आतड्यात नसतो हो. तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला?" तो खुशीत होता. "कुणीतरी नवऱ्याची भरून दिलीय. दोन डब्यांतले जिवाणूही एकमेकांना ओळखत नाहीत. मला तेव्हाच शंका आली होती, इतका बदल होतो कुठे."

"कुठला नंबर?" ताईनं विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं. हातातली नळी तिनं सावकाश स्टँडमध्ये ठेवली.

"त्रेसष्ट."

तिनं खण उघडला. मशीन तिथेच होतं, पट्टा नीट गुंडाळलेला. ते तिनं पर्समध्ये टाकलं.

धाकटीनं पहिले दोन फोन उचलले नाहीत. तिसरा उचलला. "झोपले होते गं," ती म्हणाली. जीभ जड. "डोकं फुटतंय सकाळपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. आणि इथे उजवीकडे, बरगडीखाली दुखतंय. पित्त असेल ना?"

"ती डबी कुणाची होती?"

"रागवू नकोस," धाकटी म्हणाली. "त्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी मला चार दिवस होत नव्हतं. सिस्टर दाराशी येऊन उभ्या. मला रडू यायला लागलं. मग हे म्हणाले, मी देतो. तू सांगायला आलीस तेव्हा आम्ही सांगणार होतो. पण तू इतकी खूश होतीस."

"डाव्या कुशीवर पड. दाराची कडी काढून ठेव आणि पड. मी येतेय. उठू नकोस." जिना उतरता उतरता तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. ती रस्त्यावर आली आणि मिळेल त्या टॅक्सीत बसली. वाटेत तिनं जावयाला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीच्या सतराव्या मजल्यावर होता. "इस्पितळात या," एवढंच ती म्हणाली. कारण विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दाराशी चपला पडल्या होत्या, नवऱ्याच्या. धाकटी पलंगावर कुशीवर पडली होती. डोळे सुजून बारीक झालेले, लग्नातली अंगठी बोटात रुतलेली. ताईनं तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि बटण दाबलं. मशीन घरघरत राहिलं, पट्टा पुन्हा पुन्हा फुगत राहिला. एकशे ब्याऐंशी, एकशे अठरा.

"किती?" धाकटीनं विचारलं.

"जरा जास्त आहे," ताई म्हणाली. टेबलावरची वही तिनं पर्समध्ये टाकली आणि खाली थांबवलेल्या टॅक्सीवाल्याला हाक मारली. तो बिचारा वर आला आणि दोघांनी धाकटीला खाली नेलं.

इस्पितळ दोन चौकांवर राहिलं असताना धाकटी म्हणाली, "ताई, मला दिसत नाहीये." आणि मग तिचं अंग ताठ झालं. ताई त्या कामात वीस वर्षं होती. झटक्याबद्दल तिनं शेकडो पानं वाचली होती, आणि एकदा, दहा वर्षांची असताना, स्वयंपाकघराच्या दारातून बघितला होता. तिनं धाकटीला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि तिचं डोकं मांडीवर धरून बसली. टॅक्सीवाला सिग्नल तोडत गेला. ताई स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. काय, ते तिलाही नंतर आठवलं नाही.

धाकटीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर ताई आणि नंतर पळत आलेला जावई, कपड्यांना ग्रीस लागलेलं, दोघं बसले. तासाभरानं तोच म्हणाला, "एकाच घरात राहतो. एकाच ताटातलं खातो. म्हटलं पोटंही सारखीच असणार." त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकलं. "मी मारलं तिला."

ताईला वाटलं, म्हणावं, हो. खरंच वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. कारण त्यानं एका डबीत खोटेपणा केला होता. पण हिरवा दिवा लावला होता तिनं.

ऑपरेशन झालं. बाळ काढलं, मुलगी, बाराशे ग्रॅम, काचेच्या पेटीत ठेवलेली, नळ्यांत हरवलेली, पण जिवंत. आईला अजून शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं लहान होत्या, डोळे थकलेले.

"हे एका दिवसात झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचं बीपी कधी मोजलं होतं? काही नोंद आहे?"

ताईनं पर्समधून वही काढून दिली. देईपर्यंत तिनंही ती उघडली नव्हती. डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच पानं उलटायला लागल्या. धाकटीचं अक्षर गोल, शाळकरी. बोट आकड्यांवरून खाली सरकत गेलं. एकशे दहा, सत्तर. एकशे अठरा, शहात्तर. मग एकशे सव्वीस. एकशे बत्तीस, शहाऐंशी. शेवटच्या आठवड्यात एकशे अडतीस, नव्वद.

"चढतच होतं की," त्या म्हणाल्या. "तेव्हा आणलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं कदाचित. मग एकदम बंद का केलं?" त्यांनी पुढचं पान बघितलं. तिथे आकडा नव्हता, एक ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. "ताई म्हणाली सगळं चांगलं आहे, आता मोजायचं नाही." त्या ओळीखाली धाकटीनं एक हसरा चेहरा काढला होता.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "ही ताई कोण? डॉक्टर आहे?"

जावई जमिनीकडे बघत राहिला.

"नाही," ताई म्हणाली. "मी आहे."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून केसपेपरात ठेवली आणि आत गेल्या. ताईला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आली. दुसरा दिवस. ताई सकाळपासून खाटेच्या पायथ्याशी उभी होती, बसायची तिची छाती होत नव्हती. बाळ झालं म्हणजे सुटली बाई, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आता ताईला पक्कं माहीत होतं, की सुटका अशी लगेच होत नाही. बाळंतपणानंतरचे हे दिवसही तेवढेच वाईट असतात. मध्ये फक्त एकदा ती मॅडमकडे जाऊन सगळं सांगून आली होती. मॅडमनी ऐकून घेतलं, त्रेसष्ट नंबरवर काट मारली आणि तिच्याकडून फ्रीजरची किल्ली मागून घेतली.

"मुलगी आहे म्हणे," धाकटी म्हणाली. आवाज खोल गेलेला. एका डोळ्यानं अजून धूसरच दिसत होतं. "तू बघितलीस?"

"बघितली. तुझ्यासारखं नाक आहे."

"ताई, हे रडतायत सारखे. त्यांना सांग ना, त्यांचं काही चुकलं नाही." ती थोडा वेळ दमून पडली. मग वॉर्डातल्या सिस्टर पट्टा घेऊन आल्या तेव्हा तिनं हात मागे घेतला. "ताईला मोजू दे," ती म्हणाली. "ताई, तूच मोज. तू सांगितलंस ना की मला बरं वाटतं."

सिस्टरनी ताईकडे बघितलं आणि पट्टा पुढे केला. ताईनं तो घेतला. दंड अजून सुजलेला होता, बोटानं दाबलं तर खळगा राहत होता. तिनं पट्टा बांधला, बटण दाबलं. घरघर. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. लहानपणी अंधारात दिवा लावायला ताईच उठेल म्हणून बघायची, तशी.

मशीन थांबलं.

"किती आहे?" धाकटीनं विचारलं. "चांगलं आहे ना, ताई?"

ताईनं आकडा बघितला. पुन्हा बघितला. मग पलंगाशी वाकून तिनं बहिणीचा हात हातात घेतला.

"एकशे चौसष्ट," ती म्हणाली. "खालचं एकशे आठ. नाही, बाळा. चांगलं नाहीये."